टपाल्याच्या पिशवीतलं पत्र

खोली बघायला म्हणून त्या घराची पायरी चढले आणि आतून पुरुषाचा आवाज आला, "मेलो." आवाज अगदी शांत, एखाद्याने 'आलो' म्हणावं तसा. त्यावर स्वयंपाकघरातून बाईमाणसाचा आवाज आला, "मेलात ना? मग आता दळण घेऊन या." मी पायरीवरच थबकले. सिल्लोडकडच्या खेड्यातनं आलेली पोरगी मी. शहरातली माणसं कशी असतात याबद्दल आईने खूप काय काय बजावून पाठवलं होतं, पण हे त्यात नव्हतं.

दार उघडलं ते साठीच्या गृहस्थांनी. पांढरा सदरा, पायजमा, कपाळाला पूजेचं गंध आणि हातात टीव्ही गेमचा रिमोट. रिमोटची वायर मागे ताणलेली, आतल्या खोलीपर्यंत. मला म्हणाले, "या. अजून दोन जीव शिल्लक आहेत, पण ते थांबतील. खोली वर आहे."

हे माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. हडको वसाहतीतलं छोटं घर, खाली ते दोघं, वर मी एकटी. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. बी.एस्सी. केमिस्ट्री. केमिस्ट्रीचं मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तेच माझ्या अंगाशी येणार आहे.

काका सरकारी कचेरीतून आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झालेले. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, ज्याचं त्याच्या टेबलावर पोचवायचं. जाणाऱ्या पत्राचंही तेच. "तीस वर्षं लोकांची पत्रं इकडची तिकडे केली," एकदा म्हणाले, "वाचलं एकही नाही. वाचायचं नसतंच. आणि मला म्हणून कोणी लिहिलं नाही." तक्रार नव्हती त्यात. आज भाजी कोणती, इतक्या सहज बोलले.

टीव्ही गेम आणला होता मुलासाठी. मुलगा नववीत गेल्यावर त्याने तो आपणहून सोडला. बापाने सोडला नाही. "पोरगं सुधारलं, हे राहिले," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पण सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की कौतुक आहे की वैताग आहे ते समोरच्याला ठरवता येऊ नये.

लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, ताजमहाल असतो. यांच्या शोकेसमध्ये कॅसेटी. प्रत्येकीला खाकी कागदाचं कव्हर, त्यावर कारकुनी वळणाचं अक्षर, आवक क्रमांक, आणि काकांनी स्वतः ठेवलेलं नाव. मूळ नावाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. 'दोन भाऊ'. 'रणगाडा (सोपा)'. 'रणगाडा (अवघड)'. 'मोटारी, पण रस्ता वाईट'. एका कॅसेटवर नुसतंच लिहिलेलं, 'फसवणूक'. ती कशी फसवणूक झाली ते विचारलं तर अर्धा तास सांगायचे.

खरेदी दर रविवारी. जाफर गेटच्या आठवडी बाजारात एका बाजूला जुन्या सामानाची पथारी लागते. फुटके रेडिओ, मोटारींच्या काचा, बिनकाट्याची घड्याळं. काका तिथं उकिडवे बसायचे आणि तो ढीग तांदूळ निवडावा तसा निवडायचे. एकदा मीही सोबत होते. पथारीवाला म्हणाला, "चाचा, ये लेव. नौ सौ निन्यानवे गेम है इसमें."

काका म्हणाले, "मियाँ, चार है. वहीच चार घूमफिर के आते. मैंने पिछली बार घर जाके गिने."

"पूरे गिने तुम?"

"हौ. दो दिन लगे."

पथारीवाल्याने कपाळाला हात लावला आणि कॅसेट निम्म्या भावात दिली. परत येताना काका एवढे खूश होते की बसमध्ये जागा मिळूनही बसले नाहीत.

जालना रोडला मॉल झाला तेव्हा सगळं गाव सरकत्या जिन्यावर चढायला लोटलं होतं. काका सरळ वरच्या मजल्यावरच्या गेमांकडे. डोक्याला टोपी, खांद्याला पाण्याची बाटली. तिथल्या खोट्या मोटारसायकलवर बसायचे, एक फेरी झाली की उतरून पुन्हा पोराटोरांच्या रांगेत शेवटी उभे राहायचे. मागचं पोरगं म्हणायचं, "आजोबा, तुम्ही आत्ताच बसला होता ना?" हे म्हणायचे, "म्हणून तर मागे आलो." काकू बाहेर बाकावर बसून वाती वळायच्या. काचेच्या त्या झगमगाटात मांडीवर कापूस घेऊन वाती वळणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

खंडेनवमीला माणसं शस्त्रं पूजतात, कारागीर आपली हत्यारं पूजतो. काका पाटावर रिमोट मांडायचे. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. एक वर्षी कुंकू बटणाच्या फटीत गेलं आणि उडीचं बटण आत जाऊन बसलं. काकू म्हणाल्या, "देवीने प्रसाद घेतला." पूजेची हत्यारं दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत हातात घ्यायची नाहीत, हा नियम काका कडक पाळायचे. तो दीड दिवस मात्र घरात त्यांचं काही खरं नसायचं. चारदा पेपर वाचायचे, दोनदा गच्चीवर यायचे आणि मला विचारायचे, "तुझ्या कंपनीत सुट्टी आहे का गं?" मी समोर उभी असताना.

तीन जीव संपले की संपले. कुणी सांगितलं की अमुक बटणं दाबली तर तीस जीव मिळतात, तर काका कानावर हात ठेवायचे. "देवाने मला एकच दिला, मी त्याला काही बोललो का? हा तर तीन देतो." मी एकदा फोनवर एका खेळाचा शेवट दाखवायला गेले, कुणीतरी खेळून व्हिडिओ टाकलेला असतो तो. त्यांनी फोन पालथा घातला. "दुसऱ्याने जेवलेलं माझ्या पोटात कसं जाईल?"

या सगळ्यांत एक कॅसेट वेगळी होती. शोकेसमध्ये नव्हे, देवघराच्या फडताळात. तिच्यावर लिहिलेलं, 'टपाल्या'. खांद्याला पिशवी लावलेला एक बुटका माणूस जंगलातनं, विहिरींतनं, किल्ल्यांतनं धावत असतो. कुठे चाललाय, पिशवीत काय आहे, काही कळत नाही. सोबत पुस्तिका नव्हती. काकांचं म्हणणं, पत्र आहे. दुसरं काय असणार? काकूंचं म्हणणं, लाडू असतील, एवढा जीव टाकून धावतोय ते.

ही कॅसेट काकांनी आणली होती पैठणहून. कचेरीच्या कामासाठी गेले होते, मुलगा लहान होता तेव्हा. जाताना काकूंना म्हणाले, "पैठणला चाललोय." काकूंनी मनात मोराच्या पदराची पैठणी धरली. हे संध्याकाळी आले, पिशवीतून हे निघालं. "लोक पैठणहून पैठणी आणतात," काकू मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "आमच्याकडे टपाल्या आला." तेव्हापासून वीस वर्षं काकांना टपाल्याचा शेवट बघायचा होता. त्या कॅसेटीत खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. खेळाचा डबा बंद केला की पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात. काका बऱ्याचदा शेवटच्या किल्ल्याच्या आसपास पोचायचे, तोवर लाइट जायची, नाहीतर टपाल्या मरायचा. त्यात आता त्यांचा उजवा अंगठा अडकायला लागला होता. वाकला की सरळ होईना. डॉक्टर म्हणाले होते, पावसाळ्याच्या तोंडाला ऑपरेशन करू, पण बोट पहिल्यासारखं चपळ होईल असं सांगता येत नाही. "म्हणजे या उन्हाळ्यात पोचवायलाच हवं," काका म्हणाले. पत्र म्हणायचं होतं त्यांना.

आणि तो उन्हाळा दुष्काळाचा निघाला. जायकवाडीत पाणी नव्हतं. नळ आधी चौथ्या दिवशी यायचा, मग सहाव्या, मग कधीतरी. एकीकडे बायपासला जिकडे बघावं तिकडे नव्या इमारतींचे सांगाडे चढत होते, दुसरीकडे जुन्या वस्तीतले बोअर आटत होते. टँकरचं पाणी यायचं ते कुठल्यातरी लांबच्या बोअरचं, असं जड की डाळ शिजेना, चहा मचूळ लागायचा आणि बादलीच्या बुडाला पांढरा थर धरायचा. गल्लीतल्या तीन घरांनी भाडेकरू काढले. मी घाबरत काकांना विचारलं, मीही दुसरी खोली बघू का, तर म्हणाले, "भाडं काय नुसत्या भिंतींचं घेतो का मी? पाण्यासकट घेतो." आणि नळ आला की पहिली टाकी माझी भरायची, मग त्यांची, हे त्यांनीच ठरवून टाकलं.

त्यांचा आणखी एक नियम होता: पाणी आलं की खेळ थांबतो. गल्लीत "पाणी आलं" अशी हाक ऐकू आली की टपाल्या हवेत उडी मारलेला असला तरी तिथंच थांबवायचा आणि पाण्याच्या मोटारीकडे धावायचं.

अंगठ्यामुळे दिवसाला तासभरच खेळता येई. म्हणून त्यांनी युक्ती काढली. खेळ थांबवून डबा दिवसेंदिवस चालूच ठेवायचा. त्यासाठी इन्व्हर्टर घेतला. लोक पंख्यासाठी घेतात. यांनी इन्व्हर्टरवर पंखा लावूच दिला नाही. बॅटरी जिन्याखाली. तिच्यात महिन्याला डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं, त्याचा पाच लिटरचा कॅन शेजारी, आणि कॅनवर चिठ्ठी: 'बॅटरीचे पाणी. पिण्यासाठी नाही.' खाली सही.

आता माझं सांगते.

मार्च महिन्यात मला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा खुलताबादचा, वाळूजला नोकरीला. माझे वडील नव्हते. आई आणि मामा गावाकडून आले. काका म्हणाले, "वरच्या खोलीत कुठे माणसं बसवतेस? आमच्या पुढच्या खोलीत बसव." सगळं ठरलं, पोह्यांची तयारी झाली आणि ऐनवेळी पाणी संपलं. नळ आठ दिवस आला नव्हता. टँकरचं पाणी होतं एक ड्रम, पण ते पाहुण्यांपुढे ठेवायची सोय नव्हती. दुकानात पाण्याचा एक जार शिल्लक नाही. आई डोक्याला हात लावून बसली. "आता गं? पाव्हण्यायला काय खारं पाणी पाजावं का? लई नाक असतं अशा लोकायला."

मी जिन्याखाली गेले. चिठ्ठी वाचली. केमिस्ट्री शिकलेली बाई मी; मला माहीत होतं की त्या पाण्यात काहीच नसतं, म्हणून तर ते बॅटरीत घालतात. उकळलं की झालं. कॅन उचलला, सगळा चहा आणि पिण्याचं पाणी त्यातनं काढलं. आणि रिकामा कॅन दिसू नये म्हणून टँकरचं पाणी भरून जागच्या जागी ठेवला. चिठ्ठी नीट चिकटवली. सोमवारी नवा कॅन आणायचा, हे पाणी ओतून द्यायचं, असा माझा बेत होता. टँकरच्या पाण्याने बॅटरीच्या प्लेटांचं काय होतं, हे मला त्या घरात सगळ्यांत जास्त माहीत होतं.

पाहुणे आले. चहा घेतला. मुलाची आई म्हणाली, "चहा लई फक्कड केलाय हो पोरीनं." काकांनी घोट घेतला, कपात बघितलं, म्हणाले, "खरंच. फार दिवसांनी असा चहा झाला." मी खाली मान घातली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

मग काकांनी न भूतो असा प्रकार केला. मुलाच्या हातात दुसरा रिमोट दिला. म्हणाले, "जरा बसा माझ्याबरोबर. पाच मिनिटं." मुलाचा बाप मामांकडे बघायला लागला, मामा छताकडे. 'दोन भाऊ' लावला. त्या खेळात दोघांनी मिळून पुढं जायचं असतं. एक जण फार पुढं पळाला की पडदा त्याच्याबरोबर सरकतो आणि मागचा खड्ड्यात जातो. काका मुद्दाम मागे रेंगाळले, दगडाला धडकले, उलटे फिरले. मुलाला खेळ येत होता, बोटं भराभर चालत होती. पण तो प्रत्येक वेळी थांबला. एकदा तर मागे फिरून काकांच्या भावाला घ्यायला आला आणि स्वतः मेला.

काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाले, "वहिनी, पोरगा थांबतो."

आई म्हणाली, "काय थांबतो?"

"मागं राहिलेल्यासाठी थांबतो. द्या पोरगी."

"अहो, गेम खेळून का सोयरीक करावं कुठं?" आई म्हणाली. पण रात्रीच्या मुक्कामी गाडी पकडायच्या आधी तीच मला म्हणाली, "तसा पोरगा वाईट नाय गं. म्हाताऱ्याला लई सांभाळून घेतलं त्यानं."

सोमवारी होकार आला. आणि मी कॅन विसरले. आजही लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच. फोन, साड्या, याद्या, रजेचे अर्ज. कॅन माझ्या डोक्यातून धुऊन निघाला. काकांनी एक एप्रिलला पूजा आटोपून बॅटरीत पाणी घातलं. एक मेला पुन्हा घातलं. त्याच कॅनमधलं.

मे महिन्यात टपाल्या निघाला. रोज एक तास, मग थांबवायचा. सात दिवस, आठ दिवस. नवव्या दिवशी सकाळी काकांनी खालून हाक मारली, "ए, ये लवकर." मी धावत गेले. टपाल्या शेवटच्या किल्ल्याच्या शेवटच्या दारापाशी उभा होता. वीस वर्षांत काका तिथं पोचले नव्हते. त्यांनी अंगठा गरम पाण्यात शेकला होता, पुसला होता. काकूसुद्धा पोळपाट सोडून दारात आल्या होत्या. दाराबाहेर एक राक्षस होता, तो एवढा चुकवला की झालं.

तेवढ्यात गल्लीत हाक आली, "पाणी आलं."

काकांनी खेळ थांबवला. क्षणभरही विचार केला नाही. "पळ, वरचा कॉक उघड, आधी तुझी टाकी," मला म्हणाले आणि मोटारीकडे गेले. माझी टाकी अर्धी झाली असेल, आणि लाइट गेली. काका खालून म्हणाले, "काही नाही, इन्व्हर्टर आहे." इन्व्हर्टरने शिट्टी मारली. लांब, मग तुटक तुटक. मग बंद पडला. मी वरून खाली येईपर्यंत डब्याचा लाल दिवा गेलेला होता.

काका त्या डब्याकडे बघत उभे राहिले. मग खुंटीवरचा पंचा घेतला, डब्यावर नीट पसरला. म्हणाले, "चला. हंडे तरी भरू, नळ जाईल." आणि अंगणातल्या नळाखाली हंडा लावला. त्या दिवशी त्यांनी मला दोन हंडे वरपर्यंत आणून दिले. तो उजवा हात तसा होता तरी.

संध्याकाळी बॅटरीवाला आला. त्याने झाकणं उघडली, आत टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्याच्यात बोअरचं पाणी कुणी टाकलं? प्लेटा खाल्ल्या ना सगळ्या." काकांनी कॅनकडे बघितलं. काकूंनी काकांकडे. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होते. तोंड उघडायला हवं होतं. पण मला दिसत होती माझी होणारी सासू, आणि तिच्या कानावर गेलेली गोष्ट, की पोरीने सोयऱ्यांना बॅटरीचं पाणी पाजलं. आईची मान कायमची खाली गेली असती. मी पायरी उतरलेच नाही.

काका म्हणाले, "मीच टाकलं असेल. कॅन चुकला. वय झालं."

काकूंनी पुढे वर्षभर ते त्यांना ऐकवलं. मीठ विसरलं की, चष्मा हरवला की, "बॅटरीत बोअरचं पाणी घालणारा माणूस" हे ठरलेलं. काका ऐकून घ्यायचे. आणि प्रत्येक वेळी मी तिथून उठून जायचे. कारण मला वाटायचं, हा माणूस खरंच स्वतःला दोष देतोय. आपल्याच हाताने आपण टपाल्याला मारलं, असं मनात धरून बसलाय. ऑपरेशन झालं. अंगठा सरळ झाला, पण त्याला आता घाई जमेना. 'मोटारी' खेळायचे ते, हळूहळू. टपाल्या फडताळातून बाहेर आला नाही.

माझं लग्न झालं. नव्या संसारातली पहिली खरेदी कोणती असेल, तर काकांसाठी बॅटरी. नवऱ्याला म्हटलं, त्यांनी सोयरीक जमवली, मान द्यायला हवा. तो म्हणाला, "मानाला लोक टोपी-उपरणं देतात." पण घेऊन दिली, आणि महिन्याच्या महिन्याला सीलबंद बाटलीतलं पाणी तो स्वतः जाऊन घालायचा. काकांनी विचारलं, "ही कशाला?" मी म्हटलं, "असू द्या." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आम्ही बायपासपलीकडे फ्लॅट घेतला. कालपरवापर्यंत तिथं ज्वारी होती, हे बिल्डिंगच्या मागच्या बांधावरून कळायचं. नळ होते, त्यांना पाणी नव्हतं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तसाच कोरडा उन्हाळा आला आणि दर रविवारी आम्ही धुण्याचं बोचकं घेऊन हडकोत जायला लागलो. अशाच एका रविवारी मी फडताळ उघडलं, टपाल्या काढला आणि काकांपुढे बसले. म्हटलं, "डावा हात तुमचा, उजवा माझा. चालायचं तुम्ही, उडी मी मारते."

"तुला येतं का?"

"नाही."

"मग बस," काका म्हणाले.

एकच रिमोट, दोन माणसं. पहिले दोन रविवार टपाल्या पहिल्याच विहिरीत पडला. काका म्हणायचे 'उड', मी उडायचे तोवर विहीर आलेली असायची. "सांगितल्यावर उडू नको, सांगायच्या आधी उड," ते म्हणायचे. तिसऱ्या रविवारी जमायला लागलं. मग डबा चालू ठेवला तो पाच रविवार. आठवडाभर काकू त्याच्याभोवतीची धूळ पुसायच्या आणि शेजारणींना जवळ येऊ द्यायच्या नाहीत.

पाचव्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, टपाल्या पुन्हा त्याच दारापाशी आला. काकांचा डावा हात आणि माझा उजवा, दोन्ही घामाने ओले. आणि गल्लीत हाक आली, "पाणी आलं."

काकांचं बोट थांबवायच्या बटणाकडे गेलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बसा तिथंच. आज मी भरते. जावईबापू, तुम्ही मोटारीकडे बघा." तेवीस वर्षांचा नियम त्या माउलीने एका वाक्यात मोडला. काका तिच्याकडे बघत राहिले, मग पडद्याकडे. म्हणाले, "उड." पण मी आधीच उडाले होते.

राक्षस मागे पडला. दार उघडलं. टपाल्या आत गेला. तिथं कुणीच नव्हतं, नुसती रिकामी खोली. त्याने पिशवी उघडली, आतून एक कागद काढला आणि तो आमच्याकडे धरला. कागद मोठा होत होत सगळा पडदा भरला.

"पत्रच होतं," काका म्हणाले.

त्यावर अक्षरं उमटायला लागली. मराठी नव्हती, इंग्रजी नव्हती, उर्दूही नव्हती. काड्याकाड्यांची, चौकोनी, ओळीमागून ओळ. ती कॅसेट पैठणला कुठल्या मुलखातून आली होती देव जाणे. काकू ओल्या हाताने दारात उभ्या होत्या. "काय लिहिलंय?" म्हणाल्या. मला रडू यायला लागलं होतं. एवढं करून पोचलो, आणि हे. मी म्हटलं, "काका, फोटो काढते. फोनवर विचारून सांगते काय आहे ते."

"थांब," काका म्हणाले. "पत्र माझ्या नावचं आहे."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. पुढे सरकून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं आणि ओळीवरून बोट फिरवत, कचेरीत वाचून दाखवतात तशा संथ आवाजात वाचायला लागले.

"सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, मुलगी बघायच्या दिवशी आपल्याकडे झालेला चहा फार उत्तम होता. असा चहा त्या दुष्काळात अख्ख्या हडकोत कुठे झाला नाही. त्याचे कारण आम्हांस बॅटरीवाला आला त्या दिवशीच समजले. तरी मनाला लावून घेऊ नये. कळावे, लोभ असावा ही विनंती."

बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला नेऊन त्यांनी उचललं.

"कुठला चहा?" काकू म्हणाल्या.

"खासगी पत्र आहे," काका म्हणाले.

मी रिमोट खाली ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात गेले, कारण तिथं बसून राहणं मला शक्य नव्हतं. डोळे पुसले, आधण ठेवलं. नुकतंच आलेलं नळाचं पाणी होतं. चौघांचा चहा केला, आलं घातलं, जीव ओतून केला. काकांना कप नेऊन दिला. पडद्यावर अजून तो कागद तसाच होता. त्यांनी एक घोट घेतला, कपात बघितलं.

"बरा आहे," म्हणाले, "पण तसा नाही."